रजनीच्या जिभेवरून

शेलारांच्या घरी त्या संध्याकाळी पानं नेहमीसारखीच वाढली होती. वेगळं एवढंच, की दिगंबर शेलारांच्या टाळूला नखाएवढी एक पातळ पट्टी चिकटवलेली होती आणि तसलीच दुसरी त्यांच्या बायकोच्या, रजनीच्या टाळूला. दोघांच्या कानांमागे तिळाएवढा एकेक ठिपकाही होता. हा सगळा सरंजाम त्यांच्या मुलीने, केतकीने, पुण्याच्या मेंदूसंशोधन केंद्रातून रीतसर परवानगीने चाचणीसाठी आणला होता. तिथे त्याला रुचिपट्टी म्हणत.

मेंदूज्वरातून दिगंबर वाचले, पण वास गेला आणि त्याच्यामागोमाग चवही. एके काळी लग्नाच्या पंगतीत जिलब्यांची पैज मारणारा हा माणूस आता भाताला ओला कापूस म्हणायचा. घास तोंडात घोळत राहायचा, मग पाण्याबरोबर ढकलला जायचा. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले होते. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकल्यापासून दिगंबर जेवणाच्या वेळी कुणाशी बोलत नसत.

केतकीने पट्टीचं काम त्यांना घरच्या भाषेत सांगितलं. जीभ मोजक्या चवी ओळखते, बाकीचं काम नाक करतं. पण आलेल्या पाहुण्याला पाट द्यायचा की दारातूनच वाटेला लावायचं, हे शेवटी मेंदू ठरवतो. आईची पट्टी दात्री, बाबांची ग्राही. आई जे खाईल त्याची चव बाबांना लागेल, आणि तिच्या मेंदूने त्या चवीचं जे स्वागत केलं असेल, तेही कानामागच्या ठिपक्यातून त्यांच्यापर्यंत पोचेल.

दिगंबरांनी वरणभाताचा घास घेतला. कापूस. वांग्याच्या भाजीचा घेतला. तोही कापूस, जरा चिकट. केतकीच्या हातातल्या पडद्यावरची रेघ सरळ आडवी पडून होती. तिने जोडण्या तपासल्या, ठिपके काढून पुन्हा लावले आणि मग वैतागून वर पाहिलं, तर आई हातात वरणाचं पातेलं घेऊन उभी. दात्रीच्या पोटात अजून शीतसुद्धा गेलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर, झाकपाक करून मग पानावर बसायचं, ही रजनीची लग्नापासूनची रीत. संशोधन केंद्रातल्या एवढ्या हुशार मंडळींपैकी कुणीही हा बिघाड गृहीत धरला नव्हता.

"आई, तू जेवल्याशिवाय बाबांना चव कशी लागणार?" केतकी म्हणाली.

"अगं, पण यांचं होऊ दे ना आधी."

शेवटी तिला हाताला धरून बसवलं. तिने वरणभात खाल्ला आणि दिगंबरांच्या तोंडात किंचित मीठ आलं, जरासं आंबट आलं आणि लगेच गेलं. लांबून कुणी हाक मारावी आणि आपण वळेपर्यंत ते निघून जावं, तसं. केतकीला वाटलं, पट्टीतच दोष आहे. सोमवारी ती परत करायची ठरली, तोवर दोघांच्या टाळूला राहू दिली. दिगंबरांनी पान तसंच सारलं.

रविवारी केतकीने आईला स्वयंपाकातून सुटी दिली आणि कोपऱ्यावरच्या हानबाईंकडून डबा आणला. तळेगावात कोरियन कारखाने आले, तेव्हा नवऱ्याबरोबर आलेल्या हानबाई इथेच रमल्या आणि त्यांनी खाणावळ काढली. बाई मोठ्या कर्तबगार. मावळातल्या पावसाळी हवेत बरण्या सांभाळून कोबी आंबवायचा म्हणजे खायचं काम नव्हे. शिवाय त्या स्वच्छ मराठीत गिऱ्हाइकाला दटावत, की रस्सा गार करून खाल तर पुन्हा देणार नाही. त्या दारावरून शेलार रोज जात, पण आत कधी गेले नव्हते. 'आंबवलेला कोबी' एवढं ऐकूनच दिगंबरांनी निकाल दिला होता.

स्टीलच्या डब्यात वाफाळता सोयाबीनचा रस्सा, भात, किमची म्हणजे तोच आंबवलेला कोबी, लालभडक, आणि वर तिळाचं तेल. वाढायचं काही नव्हतंच, त्यामुळे तिघं एकदमच बसली. रजनीने जपून रस्सा ओरपला.

दिगंबरांच्या हातातला घास वाटेतच थांबला. आधी तिखट आलं, मग मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडावी तसं आंबट, मग तिळाचा खमंगपणा, त्याच्याही खाली काहीतरी खोल आणि उबदार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण चवीहूनही मोठं काहीतरी मागून येत होतं, एक निखळ, पोरकट आनंद. दिगंबर जन्माचे खवय्ये, तरी जेवताना इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. तो त्यांचा नव्हताच. तो समोर बसून किमची चाखणाऱ्या रजनीचा होता.

त्यांनी वाडगा संपवला, पुन्हा भरून घेतला, तोही संपवला. केतकी एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्यावर उसळणाऱ्या रेघेकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं.

"बाबा, पट्टी त्या दिवशीही नीटच होती," ती हळूच म्हणाली.

दिगंबरांना समजायला वेळ लागला. रजनीच्या हातच्या ज्या जेवणाची त्यांनी गावभर तारीफ केली, ते तिच्या तोंडी पोचेपर्यंत असं बेचव व्हायचं तर. त्यांना फार वाईट वाटलं.

"तुला स्वतःच्या हातचं कधी गोडच लागलं नाही का गं?"

"फोडणीच्या वासानेच निम्मं पोट भरतं हो," रजनी सहज म्हणाली. "सगळं आटपून बसेपर्यंत तोंडाला चव राहत नाही. त्यात काय एवढं?"

ती डबा घासून आली आणि रवा काढायला निघाली, कारण कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दिगंबरांनी तिच्या हातातून डबा घेतला. आज मी करतो, तू नुसतं चाखून सांग, असं ते म्हणाले. त्यांच्या हातून आजवर चहाही धड झालेला नव्हता, त्यामुळे केतकीला हसू आलं. काय करू, त्यांनी विचारलं. रजनी म्हणाली, केतकीला बेसनाचे लाडू आवडतात. मग म्हणाली, तुम्हाला नारळाची वडी.

"ते राहू दे. तुला काय आवडतं?"

 रजनी ओट्याला टेकून, काहीतरी जुनं आठवत, खिडकीबाहेर बघत राहिली. कुणीही काही खात नव्हतं, तरी पडद्यावरची रेघ हळूहळू वर चढू लागली.

दिगंबरांनी रिकाम्या तोंडाने जीभ टाळूला लावली. कोवळं, आंबटगोड, थोडं तुरट असं काहीतरी त्यांच्या तोंडात येत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात या घरात ते कधी शिजलं नव्हतं.

"रजनी," त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"