काळी पट्टी

आक्काताई शाळेच्या वर्गात तरातरा शिरली ती चिडूनच. आजच्या पूर-सरावात तिच्या थोरल्या राजारामानं जखमीचं सोंग घ्यायचं होतं. बाहेरून खिडकीतून पाहिलं तर त्याच्या मनगटावर मढ्याला बांधायची काळी पट्टी! तिनं ती ओरबाडून काढली, त्याच्या डोक्याखाली हात घातला आणि बोटं फुटक्या कवटीत गेली.

शेजारी बोटीचा लोखंडी नांगर पडला होता, केसांसकट.

बाहेर भोंगे वाजतच होते. पलूस तालुक्यातला पूर आज नुसता कागदावर होता. रक्त तेवढं खरं होतं.

फौजदार स्वप्नाली गावडे पोचल्या, तोवर शिपायांनी धाकट्या प्रबुद्धला बडवून गाडीत कोंबलं होतं. जखमींना पट्ट्या बांधणारा तोच. सकाळी भावाला ‘ठेचीन’ म्हणालेलाही तोच.

“काळी दिसली की स्ट्रेचरवाले पुढं जातात,” प्रशिक्षक दिग्विजय म्हणाले. गेल्या पुरातही मदतीला आलेले ते आज सकाळीच साताऱ्याहून पोचले होते. “मेलेला शेवटी उचलायचा. पोरानं बरोबर लक्षात ठेवलं.”

स्वप्नालीनं गाडीचं दार उघडलं. “भांडण कशावरून?”

“गेल्या पुरात भरल्या बोटीचा दोर कुणी कापला, ते दादानं बघितलं हुतं. आज तहसीलदारांना सांगणार, आसं सकाळी समद्यांसमोर म्हणला. मी म्हणलं, गप ऱ्हा, न्हाईतर ठेचीन.”

“नाव?”

“मला सांगितलं न्हाई. पर पट्टी मी लालच बांधलेली, आदी उचलायची, मॅडम.”

“त्याच्याकडं काळी येणार कुठनं?” आक्काताई किंचाळली. “काल बैठकीत मीच बोंबलले. गेल्या पुरात लय मढी बघितली, आता जित्याला मढं करू नगा. तवा तहसीलदार सायबांनी काळ्या पट्ट्या पेटीतनं काढून नेल्या. एक लेक गेला, बाई. दुसरा तरी सोडा!”

स्वप्नाली दिग्विजयकडे वळल्या.

“म्हणजे आज काळी पट्टी नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते कालच्या बैठकीला नसलेल्या माणसाला. खून उशिरा उघडकीला यावा म्हणून त्यानं लाल काढून स्वतःजवळची काळी बांधली. बॅग दाखवा.”

दिग्विजयनं बॅग त्यांच्या तोंडावर हाणली. स्वप्नालीनं रक्ताळल्या ओठांनीच त्याचा हात पाठीवर पिरगाळला, खांदा कडाडला. बॅगेतून काळ्या पट्टीचं रीळ घरंगळलं, त्यामागून रक्तानं थबथबलेली लाल पट्टी.

“बोट बुडत होती,” तो विव्हळला. “दोर कापला नसता तर माझीही बोट खाली गेली असती, मीही मेलो असतो!”

प्रबुद्धच्या बेड्या निघाल्या. सोंग घेतलेले जखमी ओट्यावर तसेच बसून होते आणि स्ट्रेचरवाल्यांना आधी कुणाला उचलावं ते कळेना.

“माझ्या राजारामाला आदी,” आक्काताई म्हणाली.

प्रबुद्धनं स्ट्रेचरचं एक टोक धरलं.