तिसरं पिंप

धुकं इतकं दाट होतं, की माणूस दिसायच्या आधी त्याची धाप ऐकू आली. मग पायऱ्यांच्या तोंडाशी एक तरुण दिसला. कवेत हातभर उंचीचं लाकडी पिंप—शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटलेलं.

"जाळ्यात आलं," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"

खलाशी देवासाठी साकेची दारू भरून असं पिंप समुद्रात सोडतात. ज्याला सापडेल त्याने ते डोंगरावरच्या देवळात पोचवायचं. तिथल्या ताईत विकायच्या खिडकीत बसणाऱ्या शिहोने त्याचं नाव लिहून घेतलं. रेइजी, मासेमार.

पंधरा दिवसांनी तो दुसरं घेऊन आला. आज, नोव्हेंबरच्या अखेरीस, तिसरं.

शिहोने ते उलटं केलं, दोर चाचपला, फळ्यांच्या फटींवरून बोट फिरवलं.

"रेइजीसान, हे समुद्रात किती दिवस होतं म्हणे?"

"बरेच असतील..."

"लाकूड फुगलेलं नाही. एक रात्रही पाण्यात नव्हतं हे."

तो कानापर्यंत लाल झाला. "बादलीत बुडवलं होतं. दुसरंसुद्धा."

"देवाला फसवता?"

"साके खरी आहे! आणि आठशे पायऱ्याही खऱ्याच चढलो. नुसते ताईत घ्यायला किती वेळा येणार? घरात नऊ झालेत."

ती हसली—आणि त्याचा चेहरा पाहून थांबली.

"सोमवारी मालवाहू बोटीवर निघतोय. दोन वर्षांसाठी. माझी... वाट पाहाल?"

मागच्या दालनात जुन्या लढवय्यांनी वाहिलेली चिलखतं ओळीने टांगली होती, आत कुणीच नसलेली.

"नाही," शिहो म्हणाली. "बाबांची बोट परत आली नाही, तेव्हापासून आई रोज इथे यायची. अकरा वर्षं. मी तिचा हात धरून यायचे. मला ते जमणार नाही."

त्याने मान डोलावली. टोपी चढवली.

"पण आज शुक्रवार आहे," ती घाईने म्हणाली. "सोमवारपर्यंतचे दिवस मला देशील?"

"आणि मग?"

"मग तू जाशील. मी धक्क्यावर येणार नाही."

त्याने टोपी काढली. "चल."

तिने खिडकीची फळी ओढून घेतली आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मध्ये खिडकी नव्हती, अशी ही पहिलीच वेळ. तिच्या अंदाजापेक्षा तो बराच उंच होता.