धोंडूबाईच्या खोलीतला बल्ब

भूपेश, तो मोबाइल विझव आधी. उजेडात ही गोष्ट मी सांगत न्हाय.

अंजूरचा अनंता गोडाऊनवर माझ्याच शिफ्टला असायचा. माणूस गरीब, पण डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. गेल्या दिवाळीआधी भिवंडीला जाऊन घरभराचे एलईडी बल्ब घेऊन आला. जुने पिवळे सगळे काढले. आईच्या, धोंडूबाईच्या खोलीत मात्र सेन्सरचा लावला. कोणी हललं की लागतो, हालचाल थांबली की मिनिटभरात विझतो. म्हातारी रात्रभर दिवा चालू ठेवायची, ते याला बघवत नव्हतं.

आता बोला. धोंडूबाईला लकवा. एक बाजू गेलेली, दुसरी जेमतेम. हलणार काय, कपाळ?

पहिल्याच रात्री तिनं हाक मारली. "अनंता, काळोख झाला रं."

"हात हलव आये, लागंल," हा अंथरुणातूनच बोलला.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी त्याची बायको चंद्रा म्हणाली, "जुना बल्ब लावा ना. आई घाबरतात."

"बघू उद्या."

त्या रात्री चंद्रा गाढ झोपलेली. म्हातारीनं हाक मारली तेव्हा अनंता जागा होता. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

सकाळी चंद्रा चहा घेऊन आत गेली. बल्ब लागला. धोंडूबाई कधीची गार झाली होती. डोळे उघडे, वर बल्बाकडे.

दोन महिने गेले. अकरा डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अनंताला जाग आली. आईच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता.

विझला.

लागला.

मांजर असेल म्हणून त्यानं दार उघडलं. खिडकी बंद. खाट रिकामी. आणि बल्ब... विझतोय, लागतोय. कोणीतरी हात हलवत होतं. सांगितलं होतं तसा.

पळायला हवं होतं. पळाला न्हाय. भीतीपेक्षा लाज मोठी होती, पोरांनो. तो खाटेजवळ खालीच बसला.

"आये..."

बल्ब विझला.

"आये, मी जागा होतो."

काळोख.

त्यानं हात हलवला. पुन्हा हलवला. दोन्ही हात...

काळोख.

सकाळी चंद्रा आत शिरली, तेव्हा बल्ब लागला. अनंता तिथंच बसलेला, हात वर.

नंतर त्यानं नवा सेन्सर आणला. तोही तसाच. जुना पिवळा लाव म्हटलं, तर न्हाय म्हणतो.

मी स्वतः गेलो होतो एका संध्याकाळी. दारात पाय ठेवला, लख्ख उजेड. अनंता माझ्या मागून आत आला, खाटेजवळ बसला. दोन शब्द बोललो आणि मी बाहेर पडलो.

मिनिटभरानं मागं वळून बघितलं. बल्ब विझलेला.

आत अनंता हात हलवत होता.