मावशी खोलीत नसताना

ज्याला ही थाप वाटेल, त्याने खुशाल थाप समजावी. पण मिस्त्री थापा मारणारा माणूस नाही. थाप मारायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि ती त्याच्याकडे औषधालाही सापडायची नाही. जे झालं, तेच तो सांगतो. तेही चारदा विचारल्यावर.

मिस्त्री म्हणजे भिंती बांधणारा नव्हे. हा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लहानपणी घरातला रेडिओ, मिक्सर, घड्याळ, हाताला लागेल ते उघडून बसायचा, म्हणून घरच्यांनीच हे नाव पाडलं.

आणि घटना रात्रीची नाही. भर दुपारची आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली वाहता रस्ता, खिडकीतून ऊन. अशा ठिकाणी काय व्हायचंय, असं कुणीही म्हणेल.

मिस्त्रीही तेच म्हणाला होता...

फ्लॅट त्याच्या मावशीचा. कॉम्प्युटर काकांचा. काका त्याच कॉम्प्युटरसमोर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, हात माउसवर. मावशी स्वयंपाकघरातून त्यांच्याशी बोलत होती. कांदे संपलेत, शेजारीण आगाऊ आहे, पंखा पुसायला हवा. काकांनी एकाही गोष्टीला उत्तर दिलं नाही, आणि मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या संसारात बोलणं सगळं मावशीच्या वाट्याला आणि ऐकणं सगळं काकांच्या, अशी वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती.

चहा घेऊन आत गेली, तेव्हा कळलं.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर चालू व्हायचा, चित्र यायचं... आणि थोड्याच वेळात थिजायचा. बाण जागचा हलायचा नाही. कुठलंही बटण दाबा, उपयोग शून्य.

मावशीला तो हवा होता बबीसाठी. बबी तिची एकुलती एक लेक. दूर देशात, पहिलटकरीण, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं.

"मोबाईलवर बोल की मग," मिस्त्री म्हणाला होता.

"त्यात तिचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. रडतेय का हसतेय, कळत नाही मला. विचारलं तर म्हणते, हसतेय. माझीच पोरगी ती, खरं कशाला सांगेल?"

मिस्त्रीने कॉम्प्युटर दुकानात नेला. तिथे तो दिवसभर चालला. घरी आणला, की बसला. रॅम काढून खोडरबरने घासली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. धूळ उडवली. मग पॉवर सप्लाय बदलला. मग हार्ड डिस्क. शेवटी बोर्डसुद्धा.

"काकांचं काही शिल्लक ठेवलंयस का रे त्यात?" मावशीने विचारलं.

"वरचा डबा."

डबा शिल्लक होता, आणि थिजणंही.

म्हणून त्या दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याकडेच बसला. त्याच्या धंद्याचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या, की दोष कशात होता ते कायमचं हरवतं.

त्याने बाहेरच्या खोलीतून वायर ओढून दुसऱ्या प्लगवर कॉम्प्युटर लावला. मावशी शेजारी स्टूल घेऊन बसली. चित्र आलं. बाथरूममधला नळ ठिबकत होता. टप्... टप्... भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

मग नळ थांबला.

मग घड्याळ... काटा सरकत होता, पण आवाज नव्हता.

मग स्क्रीन थिजली.

मिस्त्रीने कानात बोट घालून हलवलं. कॉम्प्युटर बंद केला. नळ ठिबकायला लागला. पुन्हा चालू केला.

आधी नळ. मग घड्याळ. मग स्क्रीन. त्याच क्रमाने...

"मावशी, तो नळ मध्येच थांबतो का गं?"

"थांबेल कशाला? काकांनी वायसर बदलला असता तर थांबला असता."

मिस्त्री खुर्चीत मागे टेकला. मशीन सगळं बदललं होतं. प्लग बदलला, वायर बदलली, स्क्रीनही दुकानातली आणून लावली होती. मग न बदललेलं काय उरलं?

त्याने हळूच मावशीकडे पाहिलं.

"मावशी, तू जरा आत जाऊन बस बरं."

"का? मी काय व्हायरस आहे?"

"असं समज."

"तुझ्या आईला सांगते थांब, सख्ख्या मावशीला काय बोलतोस ते," असं म्हणत ती दूध तापवायला गेली.

त्याने कॉम्प्युटर चालू केला. चित्र आलं. नळ ठिबकत राहिला. घड्याळ टिकटिकत राहिलं. बाण फिरवला, फायली उघडल्या, गाणं लावलं. सगळं सुरळीत.

"मावशी, ये गं!"

ती दारात आली... नळ थांबला. गाणं एका सुरावर अडकलं.

"जा परत!"

"अरे, मी माणूस आहे की दाराचा पडदा?"

ती गेली आणि मशीन पुन्हा व्यवस्थित चाललं. मिस्त्रीला कोण आनंद झाला! दोष सापडला होता. मावशीच्या नायलॉनच्या गाऊनमध्ये स्थिर वीज साठत असणार. सुती गाऊन घालायला सांगितला, की मिटलं. मावशी आतून बोलत होती आणि तो काकांसारखाच न ऐकता "हं, हं" म्हणत होता.

"...आणि बबीला म्हटलं, झोपताना उशी डाव्या..."

पुढे काही नाही.

मिस्त्री वाट बघत राहिला. इथे नळ ठिबकत होता. घड्याळ चालू होतं. कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता. या खोलीत सगळं चालू होतं.

"मावशी?"

करपल्याचा वास आला.

तो धावला. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, भांडं काळं पडायला लागलं होतं. मावशी शेगडीसमोर उभी होती. हातात चमचा. तोंड अर्धवट उघडं. डोळे उघडे.

पापणी हलत नव्हती.

त्याने गॅस बंद केला, तिचा दंड धरला. दंड गरम होता...

"...कुशीला घेत जा," मावशी म्हणाली. मग भांड्याकडे बघून ओरडली, "अगं बाई! हे कधी उतू गेलं? आत्ता तर ठेवलं मी!"

मिस्त्रीने वळून कॉम्प्युटरच्या खोलीकडे पाहिलं.

एकच गोष्ट खोलीबाहेर काढली, असा त्याचा हिशोब होता. तिच्याबरोबर दुसरं काहीतरी बाहेर गेलं होतं. आणि मशीनला सोडून गेलं होतं.

त्याने तिला बाहेर न्यायचा हट्ट धरला. दवाखान्यात चल, आमच्याकडे चल, निदान खाली चल. मावशी ऐकेल ती मावशी कसली! बबीची बोलायची वेळ झाली होती. ती थेट जाऊन काकांच्या खुर्चीत बसली.

कॉम्प्युटर थिजला नाही.

"झाला की रे दुरुस्त! उगाच नाही मिस्त्री म्हणत तुला."

रिंग वाजली. बबी दिसली, मोठ्ठी, उशीला टेकलेली. डोळे सुजलेले. मावशीने एका नजरेत ओळखलं. "रडलीस ना? आता बोल खोटं." बबी रडता रडता हसली. दोघींचं सुरू झालं.

मिस्त्री मागे उभा होता. त्याचं लक्ष नळाकडे होतं.

टप्... टप्...

टप्...

नाही.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मनातल्या मनात म्हणाला, थिज. थिज, बाबा. पण बबी केस मागे सारत होती, तिच्यामागचा पडदा हलत होता.

"आई? आई, तू हँग झालीस गं. दादा, तिकडचं नेट गेलं का?"

मावशीचा हात माउसवर होता. ओठांवर हसू तसंच.

"दादा," बबीचा आवाज बदलला, "तू हलतोयस. मला दिसतोयस तू. मग आई का हलत नाहीये?"

काही वेळाने मावशी जिथे थांबली होती, तिथून बोलायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मावशीच्या मते सगळे तिची थट्टा करताहेत.

मिस्त्री हल्ली वेगळंच काम करतो. दुकानातली मेलेली रॅम, फुगलेले बोर्ड नेऊन त्या डब्यात बसवतो. कसंही करून तो कॉम्प्युटर थिजावा, म्हणून धडपडतो. ज्या रॅमवर कुठलंच मशीन चालू होत नाही, तिच्यावरही तो चालतो. एकदाही थिजत नाही.

परवा बबीचा फोन आला.

"दादा, आई पुन्हा थांबली होती. आता मी काय..."

"बबी?"

काही नाही. ना रडणं, ना श्वास. फोनवरचे सेकंद पुढे सरकत होते...

"...करू? तूच सांग."

मिस्त्रीने कसंबसं विचारलं, "आणि आई आता?"

"आई? ती तर छान बोलतेय. मघापासून एकदाही थांबली नाही. पण तू गप्प का होतास इतका वेळ?"

बबीचे दिवस भरायला अजून अवकाश आहे. पोटातलं बाळ हलायचं मध्येच थांबतं का, हे तिला विचारायची मिस्त्रीची हिंमत झालेली नाही.