लाल गाडी गळायची थांबली

"ताई, त्याच्याकडे असं बघू नकोस, डोळे तसेच राहतील," टिल्लू म्हणाला.

भिंगरीने धाकट्या भावाकडे दुर्लक्ष केलं आणि चाकाची तार आणखी जोरात घासली. समोर लाल स्पोर्ट्स गाडीत तिचा मावसभाऊ ऐटीत बसला होता. डोळ्यांवर मामाचा गॉगल. सगळे त्याला साहेब म्हणत, ते उगाच नाही.

गाडी मामापेक्षा म्हातारी होती आणि तिच्यासारख्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. मालक होते दातांचे डॉक्टर. पण त्यांनी गिअर टाकला की गाडी किंचाळायची, म्हणून चालवायचा मामा. आज जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मग सगळ्या गावासमोर एकेक गाडी टेकडीचा चढ चढणार होती. आणि गाडीत सीटं दोनच.

सुट्टी लागल्यापासून भिंगरी मामाच्या गॅरेजमध्ये राबत होती. साहेब परवा उगवला, "मामा, मी बसू शेजारी?" म्हणाला, आणि मामा मान वर न करता "बस की" म्हणाला. झालं! तेव्हापासून भिंगरीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"मामा, गाडी गळायची थांबली," साहेब ओरडला. "ट्रे बघ, कोरडा ठाक. माझा पायगुण!"

"अरे वा," मामा टायरमध्ये हवा भरता भरता म्हणाला. बाजूला उभे असलेले डॉक्टर गालातल्या गालात हसले.

भिंगरीने वाकून पाहिलं. गाडीखालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये खरंच एक थेंब नव्हता. काल तर होते. मामानेच पहिल्या दिवशी तिला शिकवलं होतं, इंजिनामागे खाली एक भोक ठेवलेलं असतं. तेल तिथून ठिबकायलाच हवं. बुजलं तर तेल क्लचवर जातं, क्लच घसरतो, आणि चढावर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागते.

तिने परत तार घासायला घेतली. घसरू दे. सगळ्या गावासमोर साहेबाचा गॉगल नाकावर येऊ दे. किती गोड चित्र होतं ते! पण मग त्या चित्रात गाडी मागे येऊ लागली, उतारावर, मामासकट. आणि त्या दीडशहाण्यासकट.

"मामा, गाडी काढू नकोस," ती म्हणाली. "भोक बुजलंय."

"जळतेस," साहेब म्हणाला.

"जळतेच. तरी बुजलंय."

"नसती शंका," डॉक्टर घाईने म्हणाले. "चला, उशीर होतोय."

इतकी घाई कशाला? भिंगरीला आठवलं, काल संध्याकाळी डॉक्टर 'जरा गाडी बघतो' म्हणून एकटेच आत गेले होते आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कोपराला ग्रीस होतं. नुसतं बघून कोपर माखतं होय?

"टिल्लू, तू मावशील. घुस खाली."

टिल्लू सरपटत गेला. थोड्या वेळाने गाडीखालून आवाज आला, "ताई, इथे काहीतरी पांढरं लिंपलंय. दगडासारखं झालंय. आणि लवंगेचा वास येतोय!"

"लवंगेचा?" मामा उठला.

"माझ्या दाढेत डॉक्टरकाकांनी भरलं ना, सेम तस्सा."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसू लागले.

"अहो, मेळाव्यात खाली हिरवळ," ते पुटपुटले. "गेल्या वर्षी डाग पडले तर लोक हसले. म्हटलं, छोटंसं भोक, भरून टाकू."

"डॉक्टर, गाडीला दात नसतात हो," मामा म्हणाला. तो खाली गेला, ठोकून ते पांढरं फोडलं, आणि तुंबलेलं तेल भळकन ट्रेमध्ये आलं. थोडं डॉक्टरांच्या बुटांवरही. मामाने गाडी दारासमोरच्या चढावर पुढे-मागे करून क्लच पाहिला. घसरत नव्हता.

"वाचलो," तो म्हणाला. "मी हवा भरत बसलो आणि पोरीच्या लक्षात आलं. शाब्बास. टिल्लू, तुलाही. साहेब, उतरा."

साहेब उतरला. गॉगलही त्याने न मागता भिंगरीला दिला.

टेकडीच्या चढावर इंजिन असं काही गरजलं की भिंगरीला स्वतःचं हसू ऐकू आलं नाही. वळणावर साहेब उभा होता, मेळाव्यात गाडीखाली ठेवायचा तो ट्रे हातात धरून. त्याचा चेहरा तिने लगेच ओळखला. गेले दोन दिवस आरशात तोच तर दिसत होता.

माथ्यावर डॉक्टरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

"मामा, परत जाताना साहेबाला बसव," भिंगरी म्हणाली.

"मोठ्या मनाची गं माझी भाची."

"मोठं मन वगैरे काही नाही," भिंगरी गॉगल पुसत म्हणाली. "चढ माझा झालाय. उतार त्याला घेऊ दे."