अर्जदाराशी नाते

आठ तासांच्या वर्गाला मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले, आणि दारातच एका उंच माणसाने हजेरीची वही माझ्या नाकासमोर मिटली.

"तुमचे सात तास पन्नास मिनिटं भरतील," तो म्हणाला. "परवान्याला आठ लागतात."

"दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही... पण नियम आहे."

झालं! परवाना कार्यालयाचा अधिकारी हाच आणि आजचा मास्तरही हाच. मी धोक्याच्या घंटा बसवते — आगीच्या, चोरीच्या. बाबांच्या गुडघ्यांनी शिडीला रामराम ठोकला, तेव्हापासून सगळं काम माझ्या नावावर आहे. दर दोन वर्षांनी आठ तास काही नवं शिकल्याशिवाय परवाना पुढे चालू राहत नाही. माझा शनिवारी संपत होता आणि सोमवारी एका शाळेत आगीची घंटा बसवायला घ्यायची होती. परवाना नसला तर काम दुसऱ्याकडे जाणार. सहा महिने खेटे घालून मिळवलेलं काम! दिवसभर मी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत बसले.

संध्याकाळी तो स्वतःच जवळ आला. "गुरुवारी चार वाजता, राहिलेल्यांसाठी एक तासाचा वर्ग आहे. या."

गुरुवारी राहिलेल्यांत मी एकटीच होते. तरी त्याने फळ्यावर तारीख घातली, घसा साफ केला आणि वीस रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला. मला हसू आवरेना.

मग त्याने दाखवायला आणलेल्या घंटेचं बटण दाबलं. घंटा गप्प. पुन्हा दाबलं... गप्पच. त्याचे कान लाल झाले.

"घंटेचेही तास भरायचे राहिलेत वाटतं," मी म्हणाले.

"हसा, हसा. पण — तुम्हाला जमेल का?"

मागची एक तार सैल होती. मी ती कसत असताना त्याने टॉर्च धरला, इतक्या जवळून की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता. घंटा एकदम अशी ठणाणली की आम्ही दोघंही दचकलो, आणि त्याचा हात माझ्या हातावर... राहिला. दोन क्षण. कदाचित तीन.

खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी दोन गल्ल्या चुकले.

शुक्रवारी परवाना घ्यायला गेले, तर त्याच्या टेबलावर माझी फाइलच नाही.

"मी सही करणार नाही," तो खाली बघत म्हणाला. "आमच्या मोठ्या बाईंकडे जा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे काल ते सगळं...? तणतणत मी त्याच्या वरिष्ठ बाईंच्या खोलीत शिरले.

"तुमचं आणि ह्याचं नातं काय?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"नातं? कसलंही नाही!"

"मग हे वाचा."

अधिकाऱ्याने नात्यातल्या माणसाच्या कागदावर सही करायची नसते, त्यासाठी एक छापील कागद भरून द्यायचा असतो. त्यातल्या 'अर्जदाराशी नाते' ह्या रकान्यात त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं — 'आज नाही. पण माझं मन तटस्थ राहिलेलं नाही.'

"बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा कागद पाहिला नाही बाई," असं पुटपुटत त्यांनी माझे तास स्वतः मोजले आणि सही ठोकली. "जा आता. जिन्यात उभा असेल."

होता. मान खाली घालून.

"म्हणजे माझ्या कागदावर तुमची सही आयुष्यात कधीच येणार नाही?" मी परवाना नाचवत विचारलं.

"नाही... एका कागदावर चालते."

"कुठल्या?"

"लग्ननोंदणीच्या. तिथे दोघांच्याही लागतात."

परवाना हातातून पडता पडता राहिला. अगं बाई! एवढा नियमाला धरून चालणारा माणूस, आणि बोलायला लागला की असा! मला तो आवडला होता, खूप आवडला होता, आणि आता ते लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"रविवारी घरी या," मी म्हणाले. "हेच वाक्य बाबांसमोर म्हणून दाखवा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबांसमोर... हेच?"

"शब्दन् शब्द."

"येतो," तो म्हणाला.