वाऱ्याबरोबर येणारी टकटक

"सावकाश फिरव," डेलमारी म्हणाली. "टोक कुठे वळल्यावर आवाज मरतो तेवढं बघ. तो त्याच रेषेतून येत असतो."

रुवाल्दोने जुना रेडिओ आडवा धरून स्वतःभोवती हळूच गिरकी घेतली. काटा दोन स्टेशनांच्या मधे होता, त्यामुळे नुसती खरखर ऐकू येत होती. पण त्या खरखरीत दर सेकंदाला एक टकटक मिसळत होती. टक्... टक्... टक्. रेडिओचं टोक मेंढ्या पाळणाऱ्या फानीकाकांच्या विंडपंपाकडे, त्या वाऱ्यावर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाकडे, वळलं आणि ती टकटक विरून गेली.

"एक तर ती तिकडून येतेय, नाही तर बरोबर उलट्या बाजूने," रुवाल्दो म्हणाला.

"उलट्या बाजूला दुर्बिणी आहेत," दहा वर्षांचा गर्श्विन म्हणाला. "त्या बिचाऱ्या फक्त ऐकतात."

डेलमारीने नकाशावर रेघ ओढली. अर्ध्या तासापूर्वी दुर्बिणींच्या फाटकाजवळच्या रस्त्यावरून काढलेली रेघ हिला विंडपंपापाशीच छेदत होती.

सप्टेंबरची सुट्टी होती. कारू नावाच्या कोरड्या माळावर उभ्या असलेल्या दुर्बिणींच्या पांढऱ्या थाळ्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपत. जवळपास एखादा मोबाइल जरी सुरू असला, तरी त्या लहरी पार बुडून जात. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन फाटकावरच काढून घेतला जाई. हे काम डेलमारी आणि गर्श्विनच्या आईचं, मर्लीनचं. रुवाल्दो त्यांचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला.

गेल्या पाच दिवसांत चार दुपारी ही टकटक दुर्बिणींच्या नोंदीत घुसली होती. काल सुरक्षाप्रमुख बास्सन सगळ्यांसमोर आईला म्हणाले होते, "कोणीतरी काहीतरी आत नेतंय, आणि फाटकावर तू असतेस. उद्याही हेच झालं तर परवापासून दुसरी बाई येईल."

 घरी येऊन आईने भाकऱ्या निखाऱ्यावर टाकल्या आणि त्या करपेपर्यंत तिला भानच नव्हतं. अकरा वर्षांत तिने एक घड्याळसुद्धा आत जाऊ दिलं नव्हतं.

डेलमारीला मात्र एक गोष्ट खटकत होती. मंगळवारी टकटक आलीच नव्हती, आणि मंगळवारी दोरीवरचे कपडे हललेही नव्हते. बाकीच्या चारही दुपारी वारा सुटला होता.

"साडेतीन वाजले," ती म्हणाली. "डॉक्टरांचा तारा साडेपाचला भडकणार आहे. चला."

दुर्बिणींवरच्या संशोधक डॉक्टर झोलेका तीन आठवडे एका छोट्या लाल ताऱ्यावर नजर ठेवून होत्या. त्याच्या अगदी जवळून एक ग्रह फिरतो. तो ठरावीक जागी आला की तारा भडकतो, असा त्यांचा अंदाज होता. आजचा दिवस शेवटचा. त्यानंतर दुर्बिणी दुसऱ्या संशोधकांना मिळणार होत्या.

विंडपंप शंभर पावलांवर असताना फानीकाका आडवे आले. खांद्यावर दोन रिकामी पोती, कपाळाला आठ्या.

"कुठे निघाली वरात? कोकरं बुजतात माझी."

"काका, तुमच्या कुंपणातून आवाज येतोय," डेलमारी म्हणाली. "विजेच्या कुंपणातून. ते असाच सेकंदाला एक झटका देतं."

"ते दोन वर्षांपासून बंद आहे. मी सही करून दिलीय दुर्बीणवाल्यांना."

रुवाल्दोने रेडिओचा आवाज वाढवला. टक्... टक्...

"तुमचा डबा बिघडलाय," काका म्हणाले. "जा घरी."

गर्श्विन कुंपणाकडे बघत होता. "काका, कुंपण नक्की बंद आहे ना?"

"किती वेळा सांगू?"

"मग जरा तारेला हात लावून दाखवा."

काकांनी हात वर उचलला, पण तो अर्ध्यावरच थांबला. मग तो सावकाश खिशात गेला.  रेडिओ तेवढा टकटकत राहिला.

"कोल्ह्यांनी अकरा कोकरं फाडली," काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी काय करायचं?"

तेवढ्यात वाऱ्याचा जोराचा झोत आला. विंडपंपाजवळ कुंपणाची सुटलेली एक तार हेलकावत लोखंडी पायावर आपटली आणि निळी ठिणगी उडाली. टकटक वाऱ्याबरोबरच का येते, ते आता दिसलं. पायाशी वाळकं गवत होतं. त्यातून धुराची बारीक रेघ उठली, आणि बघता बघता ज्वाळा दिसली. वारा कोकरांच्या गोठ्याकडे वाहत होता.

 रुवाल्दोने काकांच्या खांद्यावरची पोती ओढून विंडपंपाच्या टाकीत बुडवली.

"थांब!" डेलमारीने त्याचं मनगट धरलं. "ओलं पोतं त्या तारेला लागलं तर? आधी वीज बंद व्हायला हवी."

"शेडमध्ये, दाराच्या मागे," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पिवळी पेटी. लाल खटका खाली ओढायचा." त्यांचा गुडघा कामातून गेलेला होता. त्यांनी दोन पावलं टाकली आणि ते टाकीला धरून उभे राहिले.

गर्श्विन केव्हाच सुटला होता. शेड तीनशे पावलांवर. आग गवतातून सरकत होती, आणि डेलमारीला ओलं पोतं हातात घेऊन नुसतं उभं राहावं लागत होतं. रुवाल्दोने रेडिओ कानाला लावला.

टक्... टक्...

"अजून चालूच आहे."

गोठ्यात कोकरं ओरडायला लागली. धूर डोळ्यांत गेला. डेलमारी मनात अंक मोजत होती आणि चुकत होती.

टक्... टक्... आणि मग नुसती खरखर.

"बंद झालं! जा!"

तिघं तुटून पडली. डेलमारी आणि रुवाल्दो पोती आपटत होते, काका लंगडत टाकीतून बादल्या आणत होते. गर्श्विन धापा टाकत परतला आणि बुटांनी निखारे चिरडायला लागला. शेवटचा धूर गोठ्यापासून वीस पावलांवर विझला. सव्वाचार वाजले होते.

संध्याकाळी सहाला फाटकावर आई, मुलं आणि बास्सन उभे होते. डेलमारीने दोरीवरच्या कपड्यांपासून सगळं सांगितलं होतं, आणि बास्सननी ते आत कळवलं होतं. काजळीने माखलेले फानीकाका टोपी हातात घेऊन आले.

"बास्सन, कुंपण मी चालू ठेवलं होतं. खोटं बोललो. ही पोरं नसती तर गोठा गेला असता." मग ते आईकडे वळले. "मर्लीन, माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं. माफ कर."

बास्सननी घसा खाकरला. कामावरून परतणाऱ्यांची गाडी फाटकात थांबली होती, आणि आतली सगळी माणसं बघत होती.

"काल सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आजही सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "माझी चूक झाली, मर्लीन. फाटक तुझंच आहे. आणि काका, कोल्ह्यांसाठी जाळीचं कुंपण घालायची व्यवस्था आम्ही बघतो. विजेशिवाय."

आईने फक्त मान हलवली. तिने गर्श्विनचा हात कधीचा धरून ठेवला होता, तो आता जरा सैल सोडला.

गाडीतून डॉक्टर झोलेका उतरल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर एक सपाट रेघ होती, आणि मधेच एक उंच सुळका.

"पाच बेचाळीस," त्या म्हणाल्या. "बारा मिनिटं उशीर, पण आला. हा भडका तिथून निघाला तेव्हा गर्श्विनचा जन्मही झाला नव्हता. एवढ्या लांबून येऊन तो आज टकटकीत हरवला असता."

"आणि त्या ग्रहावर हवा असेल का?" डेलमारीने विचारलं.

"माहीत नाही. असे भडके सोसून हवा टिकते का, हेच आता शोधायचंय." त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "पाच दिवस आम्ही एवढे शिकलेले लोक संगणकात डोकं घालून बसलो होतो. दोरीवरचे कपडे बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. उद्या सकाळी तिघंही या. ही रेघ आपण मिळून वाचू."